विनायकरावांचा थंडगार कंप्युटर

लग्नानंतर शोभाने नवऱ्याकडे हट्ट म्हणून एकच धरला होता, एसीचा. रोडपालीच्या त्यांच्या फ्लॅटला खिडक्या भरपूर, पण तळोज्याकडून कारखान्यांचा वास आला की त्या धडाधड बंद कराव्या लागत. मे महिन्यात तसल्या बंद घरात गॅसपाशी उभं राहून पोळ्या करणं म्हणजे काय, ते करणारीलाच ठाऊक! विनायकरावांचं उत्तर दर उन्हाळ्यात तेच. "अगं, एसीने हाडं धरतात. शरीराला सवय लागली पाहिजे. मी गावी, आपट्याला वाढलो, आमच्याकडे पंखासुद्धा नव्हता." आपट्याच्या घरामागे पाताळगंगा वाहत होती आणि हे दिवसभर तिच्यात डुंबत होते, तेवढं सांगायचं मात्र राहून जायचं.

तर दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यात याच विनायकरावांनी जाहीर केलं, की मी घरी कंप्युटर बांधणार. विकतचा नाही, सुटे भाग आणून, स्वतःच्या हाताने. घरातला बल्ब बदलायचा तर स्टुलावर शोभा चढायची, आणि हे खाली उभे राहून "सांभाळून" म्हणायचे. पण हौसेला कोण अडवणार?

सुटे भाग आले, आतल्या छोट्या खोलीत मांडले गेले, आणि गाडी एका जागी अडली. कंप्युटरचा मेंदू म्हणजे प्रोसेसर. तो काम करताना तापतो. त्याला थंड कशाने करायचं, पंख्याच्या हवेने की नळ्यांमधून खेळवलेल्या पाण्याने? झालं! माणसाला दुसरं काही सुचेना. जेवताना हवा, चहा घेताना पाणी. शेजारच्या मितालीच्या बाळाचं बारसं होतं. बायका पाळण्याभोवती जमल्या होत्या, आणि विनायकराव बाळाच्या बापाला कोपऱ्यात गाठून विचारत होते, "तुमचं काय मत? हवा की पाणी?" तो बिचारा म्हणाला, "मला दोन्ही चालेल. तुम्ही आधी पेढा घ्या."

शेवटी पनवेलच्या बाजारात, फारूकभाईंच्या दुकानात ते शोभाला घेऊन गेले. फारूकभाईंची निम्मी उमर कुवेतला कंप्युटर दुरुस्त करण्यात गेलेली.

"साहेब, या कंप्युटरवर तुम्ही करणार काय?" त्यांनी विचारलं.

विनायकराव गडबडले. हा प्रश्न त्यांना अजून पडलाच नव्हता. "म्हणजे... मेल. आणि यूट्यूब."

"तौबा! मग प्रोसेसरच्या डब्यात येतो तो पंखा लावा आणि खुशाल राहा. कुवेतच्या उन्हात आमची मशीनं त्याच्यावर चालली."

"पण पाणी जास्त थंड ठेवतं ना?"

"ठेवतं. पण मेल वाचायला कशाला?"

विनायकरावांना हा अपमान वाटला. परतताना रिक्षात ते म्हणाले, "जुन्या वळणाचा माणूस." शोभा पदराने मान पुसत राहिली.

त्याच आठवड्यात एका सकाळी पोळ्या लाटता लाटता तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. लाटणं हातातून सुटलं, ओट्याला धरून ती कशीबशी खाली बसली. "अहो," तिने हाक मारली, "मला गरगरतंय."

"पाणी पी जरा," आतून आवाज आला. "बरं वाटेल." आणि लगेच, "शोभा, ठरलं! पाणीच!"

पाण्याचा कूलर आला. काळ्या नळ्या, निळे दिवे, काचेचं झाकण. येणाऱ्याजाणाऱ्याला आत नेऊन ते कंप्युटर उघडून, वायरी काढून पुन्हा लावून दाखवायचे. त्यावर बघायचे काय? तर हवा बरी की पाणी बरं, याचेच व्हिडिओ. पण सुख काही लागेना. पडद्यावरचा तापमानाचा आकडा चाळिशीच्या खाली उतरत नव्हता, आणि नॉर्वेतल्या कुणा पोराने इंटरनेटवर स्वतःचा आकडा पंचवीस लिहिला होता.

"त्याच्याकडे बर्फ पडत असेल हो," शोभा म्हणाली.

विनायकराव तिच्याकडे बघतच राहिले. "बरोबर! खोलीच गरम आहे! खोली तापलेली असली तर पाणी तरी काय करणार?"

आणि शनिवारी दोन माणसं येऊन छोट्या खोलीत एसी बसवून गेली. हो, एसी! इतके उन्हाळे जो मागून मिळाला नाही, तो कंप्युटरला न मागता आला. शोभा दारात उभी राहून बघत होती. तिला वाटलं, आता तरी दुपारी घटकाभर इथे पाठ टेकता येईल.

"दार लाव," विनायकराव म्हणाले. "आणि आत बसू नकोस हं. माणसाच्या अंगातून उष्णता निघते. आकडा वाढतो."

ती स्वयंपाकघरात गेली. पण जे काही आत तुटायचं होतं, ते तुटलं.

रविवारी जेवण झाल्यावर विनायकराव खोलीसाठी थर्मामीटर आणायला बाजारात गेले. शोभाने पदर खोचला. वायरी कुठल्या कुठे जातात, हे ऐकून ऐकून तिला पाठ झालं होतं. कंप्युटर हॉलमध्ये आला, टीपॉयवर बसला, वायरी जोडल्या गेल्या, समोर टेबलफॅनही लागला. मग तिने छोट्या खोलीत गादी घातली, आतून कडी लावली आणि एसी सुरू केला. गार वारा मानेवर आला आणि तिला एकदम रडूच कोसळलं. एवढीशी तर गोष्ट होती!

तासाभराने दारावर थापा. "शोभा! अगं, हा हॉलमध्ये काय करतोय? आकडा पन्नासच्या वर गेलाय!"

"चालतोय ना?"

"चालतोय, पण..."

"मग सवय लागेल त्याला. आपट्याच्या गोष्टी सांगा."

 तळोज्याकडून वास सुटला असावा, कारण हॉलच्या खिडक्या एकेक करून बंद झाल्याचे आवाज आले. मग पुन्हा थाप पडली, या वेळी हलकी.

"शोभा, दार उघड ना. उन्हातून आलोय गं. गरगरतंय मला."

कडी निघाली. दार वीतभर उघडलं. समोर विनायकराव, शर्ट अंगाला चिकटलेला. शोभाने उशाजवळचा तांब्या उचलून त्यांच्या हातात दिला.

"पाणी प्या जरा," ती म्हणाली. "बरं वाटेल."

त्यांनी तांब्या तोंडापर्यंत नेला आणि ते तिथेच थांबले. स्वतःचे शब्द त्यांना ओळखू आले होते. शोभाने दार लावून घेतलं, कारण खोलीतला गारवा वाया जात होता.