कोमट दुधातली खोटी साक्ष

मी डेअरीतला लॅक्टोमीटर बोलतोय. दुधात पाणी आहे का, हे सांगणारी काचेची नळी ती मीच. जरा हळू घ्या हं, कॅनचं झाकण आपटलं तरी मला तडा जायचा. खरं तर मी तोंड उघडूच नये. मी बोललो ते लोकांनी खरं मानलं, आणि त्यातूनच सगळं झालं.

माझा जन्म भट्टीसमोर झाला. कारागिराने नळी तापवून, फुंकर घालून माझं पोट फुगवलं. तळाशी शिशाचे बारीक गोळे भरले, म्हणून मी आडवा न होता ताठ तरंगतो. मग मानेत आकड्यांची कागदी पट्टी सरकवली. पट्टीच्या अगदी टोकाला बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'वीस अंशांना'. म्हणजे दूध वीस अंशांचं असेल तरच माझा आकडा खरा.

माझ्याच डबीत एक थर्मामीटर होता. आधी तो दुधाची ऊब सांगायचा, मग मी आकडा. पहिल्याच महिन्यात तो टेबलावरून घरंगळला आणि फुटला. नवा आणायचा विषय निघाला तेव्हा आमचे तपासनीस म्हणाले, "कशाला? दुधाला काय ताप आलाय?" सगळे हसले. आता लपवून काय करू, मीही हसलो. सगळा मान एकट्याला मिळणार होता ना!

दूध पाण्यापेक्षा जड. ते मला वर उचलून धरतं. त्यात पाणी मिसळलं की ते हलकं होतं, मी खोल जातो आणि आकडा उतरतो. अठ्ठावीसच्या खाली गेलो की तपासनीस ओरडायचे, "पाणी!" मग फळ्यावर नाव. तीनदा नाव लागलं की त्या माणसाला डेअरीचं दार बंद.

तपासनीस वाईट नव्हते. उलट इतके सरळ, की रांगेतल्या कुणाचा चहासुद्धा घ्यायचे नाहीत. त्यांची सख्खी आत्या डेअरीच्या मागच्याच बोळात राहायची. थंडीच्या दिवसांत तिने नवी गाय घेतली आणि दूध घालायला सुरुवात केली. बाकीचे लोक तासभर सायकल मारत यायचे, वाटेत त्यांचं दूध गार होऊन जायचं. आत्या धार काढून चाळीस पावलांत हजर. कॅनला हात लावायला सांगायची, "बघ, अजून गाईची ऊब आहे!"

त्या उबेनेच घात केला. तापलं की दूध पसरतं, तेवढंच दूध जास्त जागा अडवतं, म्हणून हलकं होतं. वर ताज्या फेसातली हवा. मी बुडत बुडत पंचविसावर जाऊन थांबलो.

"आत्या, पाणी आहे."

"कुठे आहे? आधी चष्मा पूस."

"पंचवीस दाखवतोय."

"अरे, याच हातांनी तुला वाटीवाटीने दूध पाजलंय. तेव्हा लागलं होतं का पाणी?"

रांग खदखदली. तपासनिसांचे कान लाल झाले. "नात्यातलं म्हणून सोडलं तर उद्या लोक माझ्या तोंडात शेण घालतील," असं म्हणत त्यांनी आत्याचं नाव फळ्यावर लिहिलं. इतरांपेक्षा मोठ्या अक्षरांत.

दुसऱ्या दिवशीही तेच. रांगेतल्या बायकांनी आपापले कॅन तिच्या कॅनपासून हातभर लांब सरकवले. दुधाच्या गाडीचा ड्रायव्हर म्हणाला, "आत्याबाई, नळ गोठ्यात आहे की गाईत?" एरवी एकाला दोन सुनावणारी आत्या त्या दिवशी पदर खांद्यावर ओढून खाली मान घालून गेली. मला ओरडावंसं वाटत होतं, पण आकड्यांपलीकडे मला भाषा येत नाही. तोही चुकीचा आकडा. त्या क्षणी मी काचेच्या बांगडीसारखा फुटलो असतो तर बरं झालं असतं.

तिसऱ्या दिवशी आत्या आली ती कॅनशिवाय. हातात गाईचं दावं.

"बादली तुझी, हात तुझे," ती तपासनिसांना म्हणाली. "तूच काढ धार."

तपासनिसांनी बादली धुतली, सगळ्यांना दिसेल अशी पालथी धरली आणि गाईखाली बसले. धार काढून त्यांनी मला त्यात सोडलं. पंचवीस!

ड्रायव्हर म्हणाला, "मग गाईनंच..." आणि पुढचं गिळून टाकलं.

तपासनिसांनी मला पुसून उजेडात धरलं आणि कितीतरी वर्षांनी माझी पट्टी टोकापर्यंत वाचली. "वीस अंशांना," ते पुटपुटले. मग त्यांनी ती बादली गार पाण्याच्या टबात ठेवली आणि दूध ढवळत बसले. एरवी पाच मिनिटांत कुरकुरणारी रांग टबाभोवती गोळा झाली. फेस विरला, बादलीची ऊब उतरली, आणि मला परत सोडलं. एकोणतीस.

"पाणी म्हणताना आवाज रस्त्यापर्यंत गेला होता तुझा," आत्या म्हणाली. "आता बसलाय का घसा?"

ते रांगेकडे वळले. "आत्याच्या दुधात पाणी नव्हतं. चूक माझी." फळा त्यांनी बाहीनेच पुसला.

मला वाटलं, सुटलो. पण आत्या गाईला वळवता वळवता थांबली. "आणि माझ्या शेजारचे भाऊ?"

तपासनिसांनी पुसलेल्या फळ्याकडे पाहिलं. दोन वर्षांपूर्वी त्याच बोळातले म्हातारे भाऊ असंच कोमट दूध आणायचे. मी तीनदा बुडालो होतो. त्यांना दार बंद झालं, गाई विकून ते नवराबायको लेकीकडे राहायला गेले. आणि उलटंही असेल. गारठलेल्या दुधात कुणी पाणी मिसळलं असेल आणि मी ऐटीत तरंगून त्याला शाबासकी दिली असेल. किती जणांना, कोण जाणे.

रविवारी तपासनीस मला खिशात घालून भाऊंच्या लेकीच्या घरी गेले. तिसरा मजला. भाऊंना कमी ऐकू यायचं, म्हणून तीनदा सांगावं लागलं. "पाणी नव्हतं, भाऊ! दूध कोमट होतं! चूक आमची!" शेजारचं दार किलकिलं झालं.

भाऊंनी मला तपासनिसांच्या हातातून घेऊन निरखलं. मग हळूच म्हणाले, "म्हणजे हिनं घातलं नव्हतं?"

"कुणी?"

"मी तर घातलं नव्हतं. कॅन ही भरायची. शपथा घेत होती बिचारी. मी तिला नाही नाही ते बोललो."

आत स्वयंपाकघरात भांडी घासल्याचा आवाज येत होता. तो थांबला. बाहेर कुणी आलं नाही. भाऊ उठून दारापर्यंत गेले आणि चौकटीला हात लावून तिथेच उभे राहिले. आम्ही निघालो. जिना उतरताना त्यांनी तिला हाक मारलेली ऐकू आली. एकदा, मग पुन्हा.

आता माझ्या शेजारी नवा थर्मामीटर आहे. आधी तो दुधात उतरतो, मग मी. माझा आकडा चारचौघांत ओरडण्याआधी एवढंच करत जा, दुधाला हात लावून बघा. आत्या अजून रोज येते, माझ्याशी मात्र बोलत नाही. भाऊंच्या घरून काही निरोप आलेला नाही.