येथील सर्व क्षेम

मी गंगाधर. पोलादपूरच्या शाळेत एकतीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालो, आता महाडला राहतो. एवढी ओळख पुरे, कारण जास्त ओळख ठेवणारं घरात कोणी उरलेलं नाही. माझी बायको प्रमोदिनी गेल्या माघात गेली. मुलगी चैत्राली तिकडे क्यूबात, तिथल्याच एका डॉक्टरशी लग्न करून राहिलेली. आईच्या वेळी ती येऊ शकली नाही. अमेरिकेने त्या देशाची अशी कोंडी केलेली की विमानांना इंधन मिळेना, फेऱ्या रद्द. भांडण दोन सरकारांचं, पण सुक्याबरोबर ओलंही जळतं.

वैशाखात तिचा फोन आला. जावई ज्या चर्चमध्ये जातात तिथल्या पाद्रींचं म्हणणं, असले निर्बंध आणि प्रवासबंदी म्हणजे पाप, आणि ते उघड बोललं पाहिजे. ताटातूट झालेल्या कुटुंबांची पत्रं ते रविवारच्या प्रार्थनेत वाचणार होते आणि मग अमेरिकेतल्या चर्चना पाठवणार होते. तुम्हीही लिहा, मी भाषांतर करते, असं ती म्हणाली.

मी जन्मात चर्चची पायरी चढलेलो नाही. पण पत्रलेखन म्हणजे माझा हातखंडा. तीन दिवस खपून चार पानं लिहिली. न्याय, इतिहास, शेजारधर्म, सगळं मुद्देसूद. शेवटी रीतीप्रमाणे, 'येथील सर्व क्षेम. माझी काळजी नसावी.' परगावच्या माणसाला पत्रातून दुःख कळवू नये, हे आईने मला शिकवलं आणि मी वर्गाला. न्हाणीघरात पडून डावं मनगट मोडलं होतं, तेही लिहिलं नाही.

आठवड्याने चैत्रालीने फार सांभाळून सांगितलं. पत्र पाद्रींना आवडलं, पण हे गृहस्थ तर मजेत दिसतात, असं ते म्हणाले. वाचणार नव्हते. माझं डोकं फिरलं. आयुष्यभर मी दुसऱ्यांची पत्रं तपासली, माझं कोणी परत केलं नव्हतं.

राग ऐकायला समोर ठकूबाईच होत्या. कापडे गावाहून एसटीने येऊन त्या माझा स्वयंपाक करून जातात. त्यांनी सगळं ऐकलं, तव्यावरची भाकरी उलटली.

"गुरुजी, तुमीच लिवलाव सगला बरा हाय, तर त्या बापड्यांनी काय वाचायचा? बाई गेल्यापासून तुमचा जेवानावर चित्त नाय. ह्या कुनी लिवायचा?"

त्या दुपारी एकच पान लिहिलं, मायना नाही की क्षेम नाही. 'बायकोला अग्नी देताना पुतण्याने फोन चितेसमोर धरला होता, मुलीला दिसावं म्हणून. मध्येच चित्र थांबलं. काही हरकत नाही, असं मी तिला नंतर म्हणालो. हरकत होती. बायकोने शेवटचे चार दिवस दाराकडे बघत काढले. मला एकट्याने राहवत नाही.'

फोटो काढून पाठवला आणि मग लक्षात आलं की चर्चच्या आधी हे चैत्रालीच वाचणार. पुसायला गेलो, तोवर तिने वाचल्याच्या निळ्या खुणा उमटल्या होत्या. त्यानंतर चार दिवस तिचा फोन नाही. त्या चार दिवसांत मी स्वतःला काय काय बोललो ते इथे लिहीत नाही.

रविवारी तिन्हीसांजेला फोन वाजला. तिकडे सकाळ होती, प्रार्थना नुकतीच संपली होती. पाद्रींनी पत्र वाचलं, लोक उठून उभे राहिले, आता ते अमेरिकेला जाईल, असं तिने एका दमात सांगितलं. तेवढ्याने विमानं सुरू होणार नव्हती, हे तिलाही कळत होतं आणि मलाही.

मग तिने नेहमीसारखं विचारलं, "बाबा, कसे आहात?"

"बरा नाही."

पलीकडचा लोकांचा गलका दूर गेला, ती फोन घेऊन बाजूला आली असावी.

"मीही बरी नाही, बाबा," ती म्हणाली. "आई गेली त्या दिवसापासून. तुम्हाला सांगायचं कसं, तेच कळत नव्हतं."