माश्यांची तक्रार

साहेब, तुमच्या खात्याला वाचता येत नाही. खुर्च्या आहेत, पंखे आहेत, शिक्के तर ढीगभर. वाचणारा मात्र एकही नाही. शिंपीणबाईंच्या परसात जे झालं ते त्यामुळंच झालं.

बाईंनी मधमाश्यांची पेटी आणली ती उन्हं तापायच्या आधी. शिकवलं थोडं पुस्तकानं, बाकीचं डंखांनी. तोंडावरची जाळी त्यांनी फाटक्या मच्छरदाणीची शिवली. पहिल्या दिवशी धूर एवढा केला की माश्या राहिल्या जागच्या जागी, बाईच खोकत पळाल्या. दुसऱ्यांदा डोळा सुजला, तेव्हा सासूबाई दारातून म्हणाल्या, "घरात एक राणी होती ती पुरत नव्हती, आता पेटीत दुसरी!"

पण महिन्याभरात याच सासूबाई रोज सकाळी परातीत पाणी ओतून त्यात खडे मांडू लागल्या. माश्यांना बसून पिता यावं म्हणून. "पोहता येत नाही गं त्यांना. आणि सुनेसारखी उलट उत्तरं तरी देत नाहीत."

पेटीतल्या आठांपैकी पाच चौकटी मधानं भरल्या. पण मधाला हात लावायचा नाही, पहिलं वर्ष माश्यांचं, असं दोघींनी ठरवलं. तेवढ्यात पलीकडच्या गल्लीत डासांची फवारणी झाल्याचं कानावर आलं. बाईंनी तुमच्याकडे अर्ज दिला: 'माझ्या परसात मधमाश्या आहेत. फवारणीआधी कळवावे, म्हणजे पेटी झाकता येईल.'

तिसऱ्या दिवशी बाई गिऱ्हाइकाचे कपडे देऊन परतल्या, तर परसात औषधाचा उग्र वास. अख्खी गल्ली कोरडी, फवारा फक्त त्यांच्याच घरी. पंपवाला घाम पुसत म्हणाला, "तुमचाच अर्ज ना, मावशी? घ्या. एक माशी शिल्लक ठेवली नाही!"

परातीभोवती माश्या उताण्या पडून पाय झाडत होत्या. सासूबाई जमिनीवर बसून एकेक खडा पदराला पुसत होत्या. "त्याच्या हाता-पाया पडले गं," म्हणाल्या. "म्हणे, वरून हुकूम आहे."

बाई तशाच कार्यालयात गेल्या. कारकुनानं वही उघडली. "हे बघा. माश्यांची तक्रार. फवारणी केली. निकाली."

"तक्रार नव्हती ती! मधमाश्या लिहिलंय मी."

"मधमाशी म्हणजे माशीच की, बाई. आमच्या वहीत रकाने तीन. डास, माश्या, उंदीर. उंदरांत घालू?" शेजारच्या टेबलावरचा फिदीफिदी हसला. कारकून पुढं म्हणाला, "लोक वर्षवर्ष खेटे घालतात. तुमचं काम दोन दिवसांत झालं, तर आभार मानायचे सोडून भांडताय! इथं सही करा. 'काम समाधानकारक झाले.'"

"कापड बेतताना दोन बोटं कमी पडली तर गिऱ्हाईक माझी सालटी काढतं," बाई म्हणाल्या. "तुम्ही दोन अक्षरं कापलीत, वर समाधान मागताय?"

त्यांनी तो कागद उलटा केला, मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं, त्यावर तुमचाच शिक्का मारून घेतला आणि साहेब, तुमच्या दारासमोरच्या बाकावर जाऊन बसल्या. अजून तिथंच आहेत. कागद तुमच्या टेबलावर आहे. एकच ओळ आहे, एवढी तरी वाचा:

'माझ्या अर्जातला मध कुणी खाल्ला? उत्तर द्या.'