सरळ ओठांची नावाडीण

खोका इतका जड होता की गाडीपासून स्वयंपाकघरापर्यंत आणताना क्रेगने तो दोनदा बर्फात टेकवला. आईने टेबलावरचा केक बाजूला सरकवला.

"यात खेळ आहे की बोटीचं इंजिन?"

"खेळच आहे, सिग्रुन. हात लावून तर बघा," क्रेग धापा टाकत म्हणाला.

हा खेळ जगभरच्या अनोळखी लोकांनी आगाऊ पैसे भरून उभा केला होता. माझा नवरा क्रेगही त्यांतलाच. कबूल केल्यापेक्षा वर्षभर उशिरा तो हातात पडला, म्हणून क्रेगला धीर नव्हता. माझं कारण निराळं होतं. गोठलेल्या समुद्रावरच्या या खेळातल्या काही मूर्ती मी संगणकावर घडवल्या होत्या. विनिपेगहून निघताना मीच हट्ट धरला, की खोका गिमलीला आईच्या घरी नेऊन फोडायचा. का, ते क्रेगलाही सांगितलं नव्हतं.

झाकण उघडलं आणि नव्या प्लॅस्टिकचा वास कॉफीच्या वासात मिसळला. वर जाडजूड नियमांचं पुस्तक, खाली पट, त्याखाली थरावर थर. प्रत्येक खाचेत अंगठ्याच्या पेराएवढा करडा माणूस. क्रेग तर लहान मुलासारखा एकेक उचलून उजेडात धरत होता. एका शिकाऱ्याचा भाला वाकला होता. क्रेगने तो गरम पाण्यात बुडवून सरळ केला, मग गार पाण्यात धरला.

"बरं आहे," आई म्हणाली. "माझ्या गुडघ्यांनाही जमेल का हे?"

मी हसले, पण नजर दुसऱ्या थरावर होती. नावाडीण सापडली. डोक्याला रुमाल, हातात लांब वल्हं, तोंड किंचित उघडं. मी भिंग घेतलं. ओठ सरळ होते. झिजलेले किंवा पुसट नव्हते, चक्क सरळ. कारखान्यात कुणीतरी दोष समजून दुरुस्त केले होते.

"काय गं? मोडली का ती?" आईने विचारलं.

"नाही. चांगली आहे."

"मग तोंड का असं केलंस?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "आई, ही तू आहेस. म्हणजे होतीस. मी तुझा चेहरा घेतला होता."

चार वर्षांपूर्वी एका सकाळी आईचा अर्धा चेहरा लुळा पडला. बाकी सगळं पूर्ववत झालं, ओठांचा डावा कोपरा तेवढा खालीच राहिला. तेव्हापासून कुणी फोटो काढायला लागलं की ती उठून केक कापायला जाते.

तिने माझ्या हातातून मूर्ती घेतली, भिंग घेतलं.

"आणि ओठ?"

"मी तुझेच केले होते. कारखान्यात बदलले."

क्रेग उगीचच फासे मोजत बसला.

"मला विचारलं नाहीस."

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस."

"म्हटलंच असतं. तरी विचारायचं, थोरा."

"चुकलं," मी म्हणाले.

तिने मूर्ती खाली ठेवली. "तू केलेली आहे का अजून? ती दाखव."

मी संगणक उघडला. पडद्यावर तिचा चेहरा ताटाएवढा झाला. मी तो हळूहळू फिरवला: गाल, कान, रुमालाची गाठ, आणि मग डावी बाजू.

"थांब. परत फिरव."

मी परत फिरवला. तिने चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

"एवढंच आहे हे?"

"एवढंच."

"तू कमी केलंस."

"नाही आई. मापून केलंय, तुझ्या फोटोवरून. तू केक कापायला उठायच्या आत काढलेला."

तिला हसू आलं, आणि ओठ तसाच एका बाजूने हसला. "मला वाटायचं, सगळा चेहरा म्हणजे तो कोपराच," ती म्हणाली. मग बोटाने पडद्यावरच्या कोपऱ्याला जरासा स्पर्श केला आणि लगेच हात मागे घेतला, जणू चटका बसला.

क्रेगने पट मांडायला घेतला. "सिग्रुन, तुम्ही नावाडीण घ्या ना."

"ही? ही कुणी वेगळीच बाई आहे. मला तो जाड्या दे, वॉलरस मारणारा."

दुपारभर आम्ही खेळलो. नियमांचं पुस्तक क्रेग मोठ्याने वाचायचा, अडायचा, मागची पानं चाळायचा. आईने दुसऱ्याच फेरीत त्याला तुटलेल्या बर्फावर एकटा सोडून दिलं.

"अहो, आपण एका बाजूला आहोत!"

"बोटीत जागा एकाचीच होती. मी काय करू?"

शेवटी सगळ्यांचीच बोट गोठून अडकली. आम्ही पहिल्यापासून वाऱ्याचा नियम उलटा वाचला होता, हे तेव्हा उमगलं. क्रेगने कपाळाला हात लावला. आईने आपला जाड्या उचलून किनाऱ्याच्या पहिल्या घरात ठेवला.

"मग वारा सुलटा करा," ती म्हणाली, "आणि मांडा पुन्हा."