आज गोळी दिली का

पाहुणे धुळ्याहून पहिल्या एस.टी.ने येणार म्हणून प्रमिलाबाईने आदल्या संध्याकाळीच दाराजवळच्या भिंतीला चुना फासला. तिच्या मुलीला, कोकिळेला, बघायला येणाऱ्यांनी ती भिंत वाचली असती, तर ते चहालाही थांबले नसते.

पूर्वी हिवतापाचे रुग्ण शोधत घरोघर फिरणारा सरकारी हिवतापवाला झुलाल तिथे गेरूने नुसती फेरीची तारीख टाकून जायचा. पण दोन वर्षांपासून सासूबाईंना, नर्मदाबाईंना, काही म्हणता काही आठवेनासं झालं, आणि गेल्या पावसाळ्यात तर जिवावर बेतलं. घरच्यांनी सकाळी डोकं शांत ठेवायची गोळी दिली, दुपारी नर्स पुष्पाबाईने आणखी एक दिली, म्हातारी दीड दिवस उठली नाही. मग आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी झुलाल, पुष्पाबाई आणि प्रमिलाबाई, तिघांना समोर बसवून बजावलं, की दिवसाला एकच गोळी, यापुढे दुसरी पोटात गेली तर म्हातारी हाती लागायची नाही. नोंदीचा कागद घरात ठेवला तर म्हातारी फाडून टाकायची. म्हणून जो देईल, जो बघेल, त्याने भिंतीवर लिहायचं ठरलं. गोळी दिली, कालव्याकडे सापडली, लुगडं ओलं केलं, सगळं येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं. घराची अब्रू अशी गेरूने रंगवलेली प्रमिलाबाईला मुळीच आवडत नव्हती. पण सासू जगली ती त्या भिंतीमुळे, हेही तिला कळत होतं.

पाहुण्यांसमोर तमाशा नको म्हणून तिने आज उजाडतानाच गोळी दिली. पाहुणे आले, मुलाची आई पोह्यांची बशी घेऊन घर न्याहाळू लागली, म्हातारी कोपऱ्यात शहाण्यासारखी बसली, आणि दारात पुष्पाबाई उभी राहिली. बुधवार तिच्या फेरीचा, हे या धांदलीत प्रमिलाबाईच्या डोक्यातून साफ गेलं होतं.

कोऱ्या भिंतीकडे बघत पुष्पाबाईने विचारलं, "आज गोळी दिली का?"

मुलाच्या आईची मान वर झाली. हो म्हटलं तर कसली गोळी, हे पाहुणे विचारतील अशी भीती प्रमिलाबाईला वाटली. तिने नाही म्हणून मान हलवली आणि मागून देते, असं काहीतरी पुटपुटली. पण 'मागून'वर पुष्पाबाईचा भरवसा नव्हता. पिशवीतून गोळी काढून ती म्हातारीपुढे बसली.

म्हातारीने तोंड फिरवलं. "सकायमाच दिन्ही ना माले."

पुष्पाबाई हसली. तासापूर्वीचं जेवण न आठवणाऱ्या बाईचं कोण मनावर घेणार? गोडीगुलाबीने तिने गोळी ओठांपाशी नेली.

"मी खोटं नही बोलस वं," म्हातारी म्हणाली आणि तिने सुनेकडे पाहिलं.

ती खरं बोलतेय, हे त्या घरात एकट्या प्रमिलाबाईला माहीत होतं. दाराआड कोकिळा साडीचा पदर सावरत उभी होती. असं स्थळ पुन्हा चालून येणार नव्हतं. म्हातारीने नाइलाजाने तोंड उघडलं.

"थांबा," प्रमिलाबाई म्हणाली. "आत्याबाई खरं सांगतस. गोळी मीच दिन्ही."

पुष्पाबाईने झटकन हात मागे घेतला. मुलाच्या आईने बशी खाली ठेवली आणि कसली गोळी, असं विचारलं.

मग म्हातारीच सरसावून पुढे झाली. कितीतरी दिवसांनी कोणी आपलं खरं मानलं, याचा तिला कोण आनंद झाला होता.

"मी बठ्ठं इसरी जास ना," तिने पाहुण्यांना कौतुकाने सांगितलं, "म्हनीसन मन्ही सून माले रोज गोळी देस."

प्रमिलाबाईने तिला बोलू दिलं.