मला आता पेटवू नका

मी एक जुनी भट्टी आहे. मित्रांनो, पाव भाजणारी नव्हे, गॅसवर घर तापवणारी. कॅनडाच्या माळरानावर ओरेस्त आजोबांच्या तळघरात माझा सारा जन्म गेला. माझ्या पोटात पत्र्याची पोकळ पेटी आहे. तिच्या आत जाळ, बाहेरून घरात जाणारी हवा. जाळाचा विषारी धूर धुराड्यातून वर जातो, ऊब तेवढी खोल्यांत. दोघांमध्ये काय तो पत्राच.

"हिनं कधी खाडा केला नाही," असं सांगत आजोबा माझ्या पाठीवर थाप मारत. मी फुलून जाई. पण तापून-निवून पत्रा थकला, त्याला चीर गेली. हवा खोल्यांत ढकलणारा माझा पंखा सुरू झाला की माझी निळी ज्योत पिवळी होऊन फडफडे. बघायला खाली येतं कोण? घरात डोकी दुखू लागली, तेव्हा आजोबांनी खापर जावयाने आणलेल्या दारूवर फोडलं.

नाताळच्या तोंडावर तपासणीला आलेल्या बाईंना चीर दिसली. त्यांनी गॅस बंद करून मला लाल चिठ्ठी बांधली. "डाग देऊन चीर सांधली तरी भागणार नाही. नवी बसेपर्यंत पेटवायची नाही," असं बजावून त्या गेल्या.

त्याच संध्याकाळी आजोबांची लेक तिच्या तान्ह्या मुलीला, दारकाला, घेऊन आली. पाळणा नेहमीसारखा माझ्या शेजारच्या खोलीत ठेवला. थंडीने दारका रडू लागली. आजोबांनी चिठ्ठी तोडली.

"काही होत नाही गं. पाद्रीबाबांनी घरासोबत हिच्यावरही पवित्र पाणी शिंपडलंय."

"पाण्यानं चीर बुजते होय रे म्हाताऱ्या?" येव्का आजी जिन्यावरून ओरडल्या. "चल, शेजारी बोलावतायत."

"सणाला पाहुणे दुसऱ्याच्या दारात नेऊ? नाक कापलं जाईल माझं!"

त्यांनी गॅस सोडला. मला नाही म्हणता येत नाही. मी पेटले. चिरेतून विषारी वायू पाळण्याकडे निघाला. त्याला ना रंग, ना वास. हळूहळू दारका शांत झाली.

"बघ, ऊब मिळताच झोपली," आजोबा हसले.

ती झोप कसली आहे, हे मला कळत होतं. मी जळत राहिले.

इतक्यात आजींनी पाळण्यावर टांगलेला विषारी वायू हेरून वाजणारा भोंगा किंचाळला. आजींनी पोर उचलली, सगळे बर्फात धावले. तिथूनच अग्निशमन दलाला फोन केला. बाहेरून दारकाचं रडणं ऐकलं, तेव्हा माझ्या जिवात जीव आला. दलाच्या माणसांनी येऊन गॅस बंद केला.

दुसऱ्या दिवशी आजोबा कोट घालून खाली आले. तोडलेली चिठ्ठी त्यांनी स्वतःच पुन्हा बांधली, दुहेरी गाठ मारून. थाप मात्र मारली नाही.

मित्रांनो, माझ्यासारखीची दरवर्षी तपासणी करून घ्या. आणि तिला बंद ठेवायला सांगितलं, तर मायेपोटीसुद्धा पेटवू नका. तुम्ही पेटवलंत, तर आम्हाला जळावंच लागतं.