करदोड्याची किल्ली

आमच्या मच्छीमार सोसायटीची जुनी पिकअप गाडी बंद पडली ती मुलचेरा गावाकडून परत येताना, जंगलातल्या चढावर, सकाळी साडेदहा वाजता. मागे साठ पिशव्या होत्या. प्रत्येक पिशवीत थोडं पाणी, वर नळीनं भरलेला ऑक्सिजन आणि आत रोहू-कटल्याची बोटभर लांब जिवंत पिल्लं. पिशव्या बांधून देताना मत्स्यबीज, म्हणजे ही पिल्लं, विकणाऱ्या बंगाली दादानं बजावलं होतं, "एक बजे के अंदर तालाब में छोड़ देना, सचिवजी. उसके बाद मेरा जिम्मा नहीं." ही पिल्लं मेली असती तर आमच्या मामा तलावात, म्हणजे गावच्या जुन्या मालगुजारी तलावात, या साली मासा नसता. चाळीस घरांना वर्षभर जाळी खुंटीला टांगावी लागली असती, कारण बीज सोडायचा हंगाम संपत आला होता आणि दादाकडचं बीजही.

मी रामाजी, सोसायटीचा सचिव. ठराव मी लिहितो, सह्या मी गोळा करतो, आणि सोसायटीत अक्कल असलेला माणूस म्हणाल तर तोही मीच, असं त्या दिवशी सकाळपर्यंत माझं मत होतं.

गाडी चालवत होता इस्तारी. पंधरा वर्षांपासून तोच चालवतो. गेल्या महिनाभरात गाडी बंद पडायची ही चौथी वेळ. आधीच्या तीन वेळांना त्याचं म्हणणं एकच, गाडी आपोआप बंद पडते, अर्धा तास उभी राहते आणि आपोआप चालू होते. विश्रांती गाडी घेते की ड्रायव्हर, हे न कळण्याइतका मी दुधखुळा नाही. शिवाय मला एक गोष्ट ठाऊक होती. डिझेल भराभर संपतं म्हणून महिन्याभरापूर्वी मी टाकीला कुलपाचं झाकण बसवलं, आणि नेमकं तेव्हापासून गाडी बंद पडायला लागली. चोरीचा रस्ता बंद झाला म्हणून हा राग काढतोय, दुसरं काय! 

ते झाकणही मी काळजीपूर्वक बसवलं होतं. दुकानदारानं भोक पडलेला माल गळ्यात मारला होता. झाकणाच्या बरोबर मधे सुईएवढं भोक! मी पळसाची लाख वितळवून ते बुजवलं. मागच्या रविवारी झाकणाच्या कडेनं सायकलच्या ट्यूबचा पट्टाही आवळला, म्हणजे डिझेलचा थेंबच काय, वासही बाहेर यायला नको. किल्ली माझ्या करदोड्याला. आंघोळीलाही ती अंगावरच असते.

एवढंच नाही. शर्टाच्या खिशात इस्तारीला कामावरून कमी करण्याचा कागद मी तयार ठेवला होता. बीज तलावात पडलं की देणार होतो.

"काऊन बे, पुन्हा झाली का तुही विश्रांती?" मी खाली उतरत म्हणालो.

इस्तारी बॉनेट उघडून डिझेल फिल्टरवरचा हातपंप दाबत होता. "भाऊ, डिझेल येऊनच नाई राह्यलं. पंप दाबतो, तो कडकच नाई होत. मले वाटते गाडीचा दम कोंडून राह्यला."

"तुलेच दम देतो आता. गाडीले काय नाक आहे?"

तो पुन्हा पंप दाबायला लागला. मागे पिशव्यांमधे मंगलीबाई बसल्या होत्या. तलावात बीज सोडायचं, राखायचं, पाखरं हाकलायची हे सगळं काम त्यांचं. त्या ओल्या पोत्यांवर पाणी शिंपडत होत्या आणि आमच्या दोघांकडे बघतसुद्धा नव्हत्या.

आपल्याकडे गाडी बंद पडली की मेकॅनिक सोडून सगळे येतात. चढाच्या वर पन्नास पावलांवर गोकुळाबाईची चहा-भज्यांची टपरी होती. तिथली चार माणसं कप हातात घेऊनच खाली आली. एकानं सांगितलं, बॅटरी. दुसऱ्यानं सांगितलं, बॅटरी नाही, स्टार्टर. स्टार्टर तर घर्र घर्र फिरत होता, सगळ्यांना ऐकू येत होता, पण मत दिल्यावर ते परत घ्यायचं नसतं. एसटी थांबली, कंडक्टरनं खिडकीतून डोकं काढून "क्लच प्लेट!" म्हटलं आणि बेल मारली.

मग मोटरसायकलवरून प्रफुलभाऊ आले. ते आमच्या सरपंचबाईंचे यजमान. निवडून बाई आल्या आहेत, पण बैठकीत भाऊ बसतात आणि बाई घरी सह्या करतात. पांढरा शर्ट, दोन मोबाइल. बीज सोडायच्या कार्यक्रमाला तलावावर पाहुणे जमले होते, बॅनर लागला होता, फोटोवाला येऊन बसला होता, म्हणून ते शोध घेत निघाले होते. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, टायरला लाथ घातली आणि निदान केलं.

"सेन्सर गेला."

"भाऊ, हे गाडी सेन्सरच्या आधीची आहे," इस्तारी म्हणाला.

"म्हणूनच गेला," प्रफुलभाऊ म्हणाले.

सव्वाअकरा झाले. मंगलीबाईंनी मागून हाक दिली. "रामाजीभाऊ, दोन पिशव्या ढिल्या झाल्या. पिल्लं वरते येऊन तोंडं उघडून राह्यली."

खोटं कशाला सांगू, पिल्लांपेक्षा आधी मला माझी सचिवपदाची खुर्ची दिसली. पण लगेच चाळीस घरंही दिसली, आणि त्यातलं एक माझंच. मी इस्तारीवर ओरडलो. त्यानं नळी सोडून फुंकली, फिल्टर झटकला, पुन्हा पंप दाबला. हात काळे झाले, अंगठा सोलला. गाडी तशीच.

वर टपरीत गोकुळाबाई तेलाचा नवा पिपा उघडत होती. खिळा आणि दगड घेऊन तिनं पिप्याला एक भोक पाडलं आणि तो कढईवर वाकवला. तेल गुळूक करून थोडं आलं आणि थांबलं. तिनं पिपा सरळ केला, दुसऱ्या कोपऱ्यात आणखी एक भोक पाडलं, आणि आता तेलाची सरळ धार लागली. हे मी रोज घरात बघतो. तुम्हीही बघत असाल.

इस्तारी पंप दाबायचा थांबला. तो त्या पिप्याकडे बघत राहिला, मग टाकीकडे, मग माझ्याकडे.

"भाऊ, चाबी द्या."

"कायले?"

"टाकी उघडून पाहतो."

"आता? चार लोकांसमोर डिझेल काढतं का?"

"काढत नाई भाऊ. हवा भरतो."

लोक हसले. प्रफुलभाऊ म्हणाले की हवा टायरात भरतात. मीही हसलो, आणि किल्ली देणार नाही म्हणून सांगितलं. वस्तू सोसायटीची, जबाबदारी माझी.

तेव्हा गोकुळाबाई झारा हातात घेऊन खाली उतरली. तिचं या भानगडीत काही नव्हतं, पण तिला हसणं आवडलं नव्हतं. "सचिवभाऊ, एका भोकाच्या पिप्यातून तेल नाई निंगत, त डिझेल कसं निंगन? चवथीतलं पोरगं सांगन."

आणि मंगलीबाई मागून म्हणाल्या, "चाबी द्या, नाई त मी येऊन घेतो."

त्या आल्या असत्या. मी शर्ट वर केला. करदोड्याची गाठ घामानं इतकी बसली होती की सुटेना. तोडायला कोणी धजेना आणि मी तोडू देईना, करदोडा काय असा रस्त्यावर तोडतात? शेवटी सोसायटीचा सचिव कमरेत वाकून, पोट टाकीला चिकटवून, अंगावरच्याच किल्लीनं कुलूप उघडायला लागला. फोटोवाला तलावावर होता, हे माझं नशीब.

कुलूप फिरलं, पण झाकण निघेना. आतून कोणीतरी धरून ठेवल्यासारखं. इस्तारीनं पान्याच्या टोकानं ते ट्यूबच्या पट्ट्यासकट उचकटलं, आणि टाकीनं आवाज केला. सूंऽऽऽ. लांबलचक. पाण्यात खूप वेळ बुडी मारून वर आलेला माणूस श्वास घेतो, तसा.

इस्तारीनं झाकण उलटं करून बघितलं. मधली लाख नखानं टोकरून पाहिली. ती निघेना, माझं काम पक्कं असतं. मग त्यानं ट्यूबचा पट्टा बोटानं ताणला. आधी अर्ध्या तासात झाकणाच्या कडेनं हवा शिरायची, तो रस्ताही मी रविवारी बंद केला होता.

"हे भोक काऊन बुजवलं भाऊ?" गोकुळाबाईनं विचारलं.

"फुटका माल होता," मी म्हणालो.

इस्तारीनं आठ-दहा वेळा पंप दाबला. या वेळी तो कडक झाला. सेल्फ मारला, गाडी खोकली आणि धरली. जमलेल्या सगळ्या तज्ज्ञांनी आपापलं निदान बरोबर ठरल्यासारख्या माना डोलावल्या.

"तोंड उघडं ठेवून नाई जमत, धूळ जाते," इस्तारी म्हणाला. "फडकं नको, धागे जातात आत. जाड कागद आहे का कोणाजवळ? हलकासा बांधतो, हवा येऊन जाऊन राह्यली पाह्यजे."

बारा वाजत आले होते. मी घाईत खिशात हात घातला आणि जो जाड कागद हाताला लागला तो पुढे केला. त्याच्या बोटांत गेल्यावर मला कळलं.

त्यानं तो उलगडला. इस्तारी हळू वाचतो, ओळीखाली बोट धरून. "वारंवार वाहन बंद पाडल्याबद्दल व संशयास्पद वर्तनाबद्दल" या ओळीखाली त्याच्या अंगठ्याचं रक्त आणि डिझेल लागत गेलं. माझी सही, सोसायटीचा शिक्का. मला रस्त्याची खडी मोजावीशी वाटली.

"जाड आहे," तो म्हणाला. "चालते."

त्यानं कागदाची चौघडी केली, टाकीच्या तोंडावर ठेवली आणि सुतळीनं सैल बांधली.

एकला दहा मिनिटं असताना आम्ही तलावावर पोचलो. पाहुणे उभे राहिले, प्रफुलभाऊंनी फोटोसाठी पहिली पिशवी हातात घेतली, पण मंगलीबाई थांबल्या नाहीत. त्या कमरेएवढ्या पाण्यात उतरल्या आणि एकेक पिशवी पाण्यावर टेकवून हळूच सोडू लागल्या. दोन ओंजळी पिल्लं मेली होती. बाकीची पाण्यात नुसती सांडल्यासारखी गेली, आणि मंगलीबाई पाण्यातच उभ्या राहून रडल्या. मलाही रडू आलं. मी बॅनरमागे गेलो.

संध्याकाळी रजिस्टरमधे मी लिहिलं, 'तांत्रिक बिघाडामुळे वाहनास विलंब झाला.' इस्तारी दारात येऊन उभा राहिला. हातात तो कागद, डिझेलनं पिवळा पडलेला.

"भाऊ, तुमचा कागद. मही सही राह्यली ह्याच्यावर."

"फाड तो," मी म्हणालो. "चुकलं माझं, इस्तारी."

त्यानं कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा चौघडी केली.

"फाडून कसं जमन? नवीन झाकण येईपर्यंत लागन न."

भोकाचं झाकण घ्यायचा ठराव त्याच आठवड्यात मंजूर झाला, मीच लिहिला. झाकण अजून आलेलं नाही. डिझेल भरायला गाडी पंपावर लागली की इस्तारी सुतळी सोडतो, कागद काढून माझ्या हातात देतो, आणि टाकी भरेपर्यंत तो मी धरून उभा राहतो.